सौरपंपावर 'दोन तास पाणी' म्हणजे नक्की किती पाणी?

कादवाकाठ | २१ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. भाऊ आणि वहिनी बाग सांभाळतात. मी नाशिकला विद्युत अभियांत्रिकी शिकवते आणि सुट्टीला बागेत असते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून १० टक्के हिस्सा भरून विहिरीवर ५ एचपीचा पंप घेतला. पंप उत्तम चालतो, दिवसाउजेडी पाणी मिळतं, घरातले सगळे खूश आहेत. त्यामुळे हा धागा तक्रारीचा नाही.

प्रश्न मापाचा आहे. आपल्याकडे पाणी तासांत मोजतात. 'डोळे (छाटलेल्या काडीवरचे कोंब) फुटेपर्यंत दोन तास, नंतर तासभर' असं शेजारीही सांगतात आणि सल्लागारही. लाइनच्या विजेवर हे चालायचं, कारण मोटर एकाच वेगाने फिरायची आणि ड्रिपवरचा दाब जवळपास तोच राहायचा. सौरपंपाचा कंट्रोलर मात्र पॅनलला जेवढी वीज मिळेल तेवढाच वेग मोटरला देतो. सकाळी साडेआठला पंप चालू असतो, पण फिल्टरजवळच्या गेजचा काटा जेमतेम अर्ध्या किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) असतो. बाराला तोच दीड किलोवर जातो. ढग आला की काटा लगेच खाली. साध्या ड्रिपरचं पाणी ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं, म्हणजे दाब एकतृतीयांश झाला तर पाणी साधारण ५८ टक्क्यांवर येतं. सकाळचे दोन तास आणि दुपारचे दोन तास हे दोन वेगळे डोस झाले.

मग भाऊ काय करतो? कमी पडायला नको म्हणून पंप जास्त वेळ चालवतो. ऊन फुकट आहे, बिल येत नाही, टोकायला कोणी नाही.

मी गणित मांडून पाहिलं. ९ बाय ५ फुटांवर लागवड म्हणजे एकरी साधारण ९६८ झाडं. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले तर पूर्ण दाबावर एकरी ताशी ७,७०० लिटर. रोज एकच तास जादा दिला तरी चार एकरांत ३१,००० लिटर पाणी विहिरीतून उगाच वर येतं. हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला किमान २.७ वॅट-तास लागतात. विहिरीची पातळी, फिल्टर, ड्रिपचा दाब असं सगळं मिळून हेड, म्हणजे पंपाला पाणी जेवढं उचलावं लागतं ती उंची, ४० मीटर आणि विजेच्या तारेपासून पाण्यापर्यंतची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर हे जादा पाणी साधारण साडेआठ युनिट खातं. आमच्या पॅनलमधून स्वच्छ उन्हात दिवसाला १८-२० युनिट निघतात. त्यातला चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा असा जातो.

आमच्या क्षेत्रात सौरऊर्जेवरचं बरंच संशोधन पॅनलच्या कार्यक्षमतेभोवती फिरतं. १९५४ साली बेल लॅब्जमध्ये तयार झालेला पहिला कामाचा सिलिकॉन सेल सुमारे ६ टक्के कार्यक्षम होता, आज बाजारातलं चांगलं पॅनल २१-२२ टक्क्यांचं आहे. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रयोगशाळा पुढच्या एकेका टक्क्यासाठी झटत असताना बागेत चाळीस टक्के निव्वळ माप नाही म्हणून जातात, ही गोष्ट मला बोचते.

ऑक्टोबर छाटणीच्या आत जमिनीत ओलाव्याचे सेन्सर बसवायचे आहेत. आमची जमीन भारी काळी. कोणी वापरलेत का? कोणते, किती खोल, आणि आकड्यांवर विश्वास कितपत ठेवायचा?

निफाडकर | २१ ऑगस्ट, रात्री १०.१५

ताई, गणित पटलं. पण जादा पाण्याबद्दल भावाला बोलण्याआधी एक लक्षात घ्या. आमच्याकडे आठवड्यातून काही दिवस रात्रीची लाइन असायची. गोदाकाठी उसात बिबट्या, हातात बॅटरी, आणि मध्यरात्री व्हॉल्व्ह बदलायला जायचं. बायको दारात उभी राहायची. ज्याने ती वर्षं काढली तो दिवसा पाणी मिळाल्यावर हात आखडता घेणार नाही. दोन वर्षं जातील त्यात.

आता सेन्सरचं. मी टेन्सिओमीटर वापरतो. नळीत पाणी, खाली सच्छिद्र चिनीमातीचा कप, वर गेज. माती पाणी किती जोराने धरून बसलीय ते तो दाखवतो, म्हणजे मुळाला किती ओढावं लागेल तेच. वीज नको, मोबाइल नको. दोन लावले, एक ३० सेंटिमीटरवर आणि एक ६० वर. वरचा वाळत चाललाय आणि खालचा ओलाच आहे, म्हणजे घाई नाही. खालचाही चढायला लागला की पाणी कमी पडतंय. खालचा कायम शून्याजवळ असेल तर पाणी मुळांच्या खाली चाललंय, आणि त्याबरोबर खतही.

कटकट एकच. माती फार वाळली, गेज ८० सेंटिबारच्या (ओढीच्या मापाच्या) आसपास गेलं, की कपातून हवा शिरते आणि नळी पुन्हा भरावी लागते. खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात हे होतंच.

कादवाकाठ | २१ ऑगस्ट, रात्री १०.५०

निफाडकर दादा, दोन्ही गोष्टींसाठी आभार. पहिली जास्त महत्त्वाची आहे. भावाला आकडे दाखवायचे, हुकूम सोडायचे नाहीत, हे मी मनाशी ठरवलंय. ६० सेंटिमीटरवरच्या टेन्सिओमीटरबद्दल जे लिहिलंत ते मी विद्यार्थ्यांनाही वाचून दाखवणार आहे.

अंबड_एमआयडीसी | २२ ऑगस्ट, सकाळी ७.३०

पंप-मोटरच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काम केलंय म्हणून लिहितो. मॅडम, तुम्ही सेन्सर मातीत शोधताय, माझ्या मते पहिला सेन्सर पाइपात हवा. फिल्टरनंतर पल्स देणारा वॉटर मीटर बसवा. तासांचा हिशेब मोडलाय ना, मग लिटरचा सुरू करा. मीटर ठरावीक लिटरला एक पल्स देतो, ते मोजायला कुठलंही साधं सर्किट चालतं. बागेत आज नेमके किती लिटर गेले हे कळल्याशिवाय मातीचा आकडा वाचून करणार काय?

दुसरं, सकाळच्या पाण्याबद्दल. पंपाचं हेड वेगाच्या वर्गाप्रमाणे कमी होतं. समजा तुमचा पंप पूर्ण वेगाला, व्हॉल्व्ह बंद ठेवून, ५० मीटर हेड देतो, आणि विहिरीतलं पाणी १५ मीटर खाली आहे. मग वेग ५५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत पाणी वर येणारच नाही. पंप फिरतोय, वीज खातोय, पाणी तिथल्या तिथे घुसळलं जातंय. पुस्तकात 'वेग ८० टक्के केला की वीज निम्म्यावर येते' असं घनाचं सूत्र असतं, ते खरं आहे, पण फक्त उंचावर पाणी चढवायचं नसेल तेव्हा. विहिरीवर ते जसंच्या तसं लावू नका. कंट्रोलरवर वेग किंवा फ्रिक्वेन्सी दिसते. कितीला पाणी पडायला लागतं ते बघून ठेवा, त्याआधी ड्रिप चालू करण्यात अर्थ नाही. जागा असेल तर सकाळच्या कमी दाबात टाकी किंवा शेततळं भरा आणि ड्रिप दहा ते तीन चालवा.

मीटर येईपर्यंत २०० लिटरचा ड्रम आणि घड्याळ घेऊन ताशी किती पाणी येतं ते सकाळी, दुपारी आणि ढगाळ हवेत मोजा. मात्र ड्रममध्ये पाइप मोकळा सोडाल तेव्हा व्हॉल्व्ह दाबून गेजवर नेहमीचा दाब आणा, नाहीतर आकडा फुगलेला येईल.

वडनेरभैरव | २२ ऑगस्ट, सकाळी ९.०५

ड्रमची आयडिया भारी. आजच करतो.

मातीपरीक्षक | २२ ऑगस्ट, दुपारी १.२०

मृदाशास्त्र हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाजारात स्वस्तात दोन जातींचे सेन्सर मिळतात. एक दोन दांड्यांचा, मातीतून प्रवाह सोडून रोध मोजणारा. तो विसरा. डीसी प्रवाहामुळे दांड्यांवर विद्युत-अपघटन होतं आणि एका हंगामात धातू खाल्ला जातो. शिवाय ड्रिपमधून खत सोडलं की क्षार वाढतात, रोध कमी होतो, आणि सेन्सर 'ओलं आहे' असं सांगतो.

दुसरा धारितेवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) चालणारा, कपॅसिटिव्ह. त्याचं तत्त्व सुंदर आहे. परावैद्युत स्थिरांक म्हणजे एखादा पदार्थ ही धारिता किती पट वाढवतो तो आकडा. पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या मातीतल्या खनिजांचा ३ ते ५, हवेचा १. त्यामुळे मातीत पाणी थोडं जरी वाढलं तरी सेन्सरची धारिता ठळक बदलते.

पण काळ्या जमिनीत हेच तत्त्व अंगाशी येतं. आपली काळी माती वाळली की आक्रसते आणि तडे जातात. तडा नेमका सेन्सरच्या पात्याला चिकटून गेला तर तिथे हवा शिरते, स्थिरांक १. माती आत ओली असताना सेन्सर एकदम कोरडं दाखवतो. वर ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह जोडलेला असेल तर तो पाणी सोडत बसेल, आणि ते पाणी त्याच तड्यातून सरळ खाली जाईल. म्हणून काळ्या जमिनीत एकट्या सेन्सरच्या हाती व्हॉल्व्ह देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बसवताना खड्डा करून माती परत लोटू नका. सेन्सरपेक्षा किंचित मोठं भोक पाडा, त्याच खोलीवरची माती चाळून पाण्यात कालवून दाट राबडी करा, ती ओता आणि सेन्सर त्यात दाबा. बोदाच्या (वेलींच्या ओळीखालच्या उंच वरंब्याच्या) मध्यावर नको आणि अगदी ड्रिपरखालीही नको, ड्रिपरपासून १५-२० सेंटिमीटरवर.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या मापाशी जुळवणं. कंपनीचा आकडा बहुधा हलक्या मातीवर काढलेला असतो, तो काळ्या मातीला लागू पडेलच असं नाही. माप माहीत असलेला पत्र्याचा डबा घ्या, त्यात बोदातली माती शेतात असते तितकीच दाबून भरा, सेन्सर खुपसा, पूर्ण भिजवा आणि निथळू द्या. रोज एकाच वेळी वजन आणि सेन्सरचा आकडा लिहा. माती वाळत जाईल तसे दोन्ही उतरतील. शेवटी माती १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवून कोरडं वजन घ्या, की मागच्या प्रत्येक दिवसाचं पाणी काढता येतं. काळी माती वाफशावर (भिजून जादा पाणी निथळून गेलेली) असताना तिच्यात आकारमानाने साधारण ३५ ते ४० टक्के पाणी असतं, आणि २० टक्क्यांच्या जवळ उरलेलं पाणी मुळांना ओढता येत नाही. म्हणजे सगळा खेळ १५-२० टक्क्यांच्या पट्ट्यात चालतो. त्यात सेन्सर ५ टक्के चुकला तर पाव पट्टा गेला.

अजून एक, तापमानानेही आकडा हलतो. रोज पहाटेचाच आकडा पाहा, दुपारचा आणि पहाटेचा एकमेकांशी ताडू नका.

कादवाकाठ | २२ ऑगस्ट, दुपारी २.००

मातीपरीक्षक ताई, असा प्रतिसाद मिळावा म्हणूनच हा धागा काढला होता. राबडीची पद्धत मला ठाऊक नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत १०५ अंशांचं ओव्हन आहे, डबा या आठवड्यात लावते.

बोर्डावरचा_दिवा | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४५

मी शेवटच्या वर्षाला आहे, आमचा प्रकल्प याच्याच जवळचा. विजेबाबत सांगण्यासारखं खूप आहे.

सेन्सर वाचून आकडे पाठवायला सगळे ईएसपी-३२ या छोट्या संगणक-चिपचा बोर्ड घेतात. डेटाशीटमध्ये गाढ झोपेतला प्रवाह १० मायक्रोअँपिअर लिहिलेला असतो, पण तो फक्त चिपचा. बाजारातल्या बोर्डावर व्होल्टेज रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि सतत जळणारा लाल एलईडी असतो, त्यामुळे झोपेतही १० मिलिअँपिअर जाऊ शकतात. म्हणजे दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास. २,५०० चा सेल दहा दिवसांत संपतो. तेच नुसतं मॉड्यूल आणि कमी गळतीचा रेग्युलेटर वापरला, अर्ध्या तासाने पाच सेकंद जागं केलं आणि जागेपणी सरासरी ८० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला साधारण साडेपाच. कागदावर तोच सेल वर्षभर पुरतो. सेन्सरलाही सतत वीज देऊ नका, मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून वाचतानाच द्या.

बागेत वायफाय पोचत नाही. लोरा, म्हणजे कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ, वापरा, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना आहे. अँटेना मांडवाच्या वर काढा. पानांखाली ठेवली तर ऐन पानोळ्यात (वेल पानांनी भरलेली असताना) रेंज पडते, कारण पानं म्हणजे पाणीच.

स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर घेताना वरची ५५५ टायमर चिप बघून घ्या. सीमॉस जातीची टीएलसी ५५५ हवी. काहींवर जुनी एनई ५५५ असते, ती ३.३ व्होल्टवर नीट चालत नाही. आणि पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत झिरपतं. कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या.

निफाडकर | २२ ऑगस्ट, रात्री ८.३०

शाब्बास पोरा. कडेचं कारण आज कळलं.

जुना_बागाईतदार | २३ ऑगस्ट, सकाळी ६.१०

सगळं वाचलं. माझं वेगळं मत मांडतो. वेल बोलते. शेंडा कसा चाललाय, पेरं लांब की आखूड, दुपारी पानं मलूल होतात का आणि संध्याकाळी सावरतात का, हे पाहणाऱ्याला सेन्सर लागत नाही. शिवाय माती कायम वाफशावर ठेवणं हेच उद्दिष्ट असेल तर द्राक्षं बिघडतील. फुलोऱ्यात पाणी जास्त झालं तर गळ होते. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागल्यावर, पाणी देताना हात आखडावा लागतो, नाहीतर साखर भरत नाही आणि मणी तडकतात. खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती व्हायची असते, तेव्हा थोडा ताण द्यावाच लागतो. हे यंत्राला कोण शिकवणार?

कादवाकाठ | २३ ऑगस्ट, सकाळी ७.००

काका, हे यंत्राला शिकवायचंच नाहीये. ताण कधी द्यायचा ते तुमच्यासारख्यांनीच ठरवायचं. पण 'थोडा ताण' द्यायचा ठरवल्यावर तो खरंच थोडा बसला की जास्त, हे साठ सेंटिमीटरवर डोळ्यांना दिसत नाही. शेंडा थांबलेला दिसतो तोवर मुळांना ताण बसून काही दिवस झालेले असतात. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक अवस्थेला टेन्सिओमीटर कितीवर होता हे आम्ही एक हंगाम लिहून ठेवलं, तर तुमचा अनुभव माझ्या भाच्यापर्यंत आकड्यांत पोचेल. मला सेन्सर यासाठी हवेत.

जुना_बागाईतदार | २३ ऑगस्ट, सकाळी ७.४०

हे पटलं. माझ्या डायरीत अवस्था आणि पाण्याचे तास आहेत, लिटर नाहीत. यंदा लिटर लिहितो.

इंदिरानगर_छत | २३ ऑगस्ट, सकाळी ११.३०

पॅनलबद्दल थोडं. त्यावर लिहिलेला कार्यक्षमतेचा आकडा २५ अंश सेल-तापमानाचा असतो. नाशिकला एप्रिल-मेमध्ये सेल ६० अंशांवर सहज जातो. दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घट धरली तर १२ ते १४ टक्के वीज तिथेच गेली. उन्हाळ्यात पंप अपेक्षेपेक्षा मंद वाटतो त्याचं एक कारण हे.

बागेजवळच्या पॅनलला आणखी एक त्रास असतो, फवारणीचा. ब्लोअरने बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा गंधक मारलं की वाऱ्याने काचेवर पांढुरका थर बसतो. पहाटे काच गार असताना मऊ कपड्याने धुवा. बोअरचं जड पाणी काचेवर वाळू देऊ नका, क्षारांचे डाग पडतात. आणि वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली शेवरी किंवा सुरूची झाडं पॅनलवर सावली टाकत नाहीत ना, तेही बघा. पॅनलच्या एका कोपऱ्यातली सावली बायपास डायोडमुळे त्याचा तिसरा हिस्सा बंद पाडू शकते.

अंबड_एमआयडीसी | २३ ऑगस्ट, दुपारी १२.१०

+१. आणि पावसाळ्यात पंप बंद असताना पॅनल नुसतं बसून असतं, त्याचाही विचार करा. केंद्राच्या कुसुम या सौरपंप योजनेत युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलरची तरतूद आहे, त्यावर पंप बंद असताना कडबाकुट्टी, पिठाची गिरणी किंवा शीतपेटी चालवता येते. ज्यांचा पंप अजून यायचाय त्यांनी आधीच चौकशी करावी.

मातीपरीक्षक | २३ ऑगस्ट, दुपारी ४.१५

विहिरीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्याखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं. रोज ३१,००० लिटर उगाच उपसले तर झळ एकट्या तुम्हाला बसत नाही, शेजारच्या विहिरीलाही बसते. पूर्वी बिल आणि भारनियमन या दोन गोष्टींनी आपोआप लगाम लागायचा, सौरपंपाने दोन्ही काढले. तो लगाम आता आपणच घालायचा. विहिरीतही पातळीचा सेन्सर टाका.

कादवाकाठ | २३ ऑगस्ट, रात्री ९.२०

ताई, हे माझ्या यादीत नव्हतं, आता घेते. बुडणारा दाब-सेन्सर वापरू. एक मीटर पाण्याला ९.८ किलोपास्कल, त्यामुळे हिशेब सरळ. ४ ते २० मिलिअँपिअर संकेताचा घेणार, कारण लांब केबलमध्ये संकेत क्षीण होत नाही, आणि तार तुटली की प्रवाह शून्य होतो, 'विहीर रिकामी' असा चार मिलिअँपिअरचा खोटा निरोप येत नाही. वळवाच्या विजांसाठी सर्ज अरेस्टर लावूच.

भावाशी आज बोलणं झालं. आधी वॉटर मीटर. मग वरच्या आणि खालच्या अंगाला टेन्सिओमीटरची एकेक जोडी, त्यांच्याशेजारी डब्यात कॅलिब्रेट केलेले कपॅसिटिव्ह सेन्सर, म्हणजे दोघांचे आकडे ताडता येतील. सकाळी टाकी, दहानंतर ड्रिप. व्हॉल्व्ह या हंगामात भाऊच उघडेल, आम्ही फक्त त्याच्या मोबाइलवर लिटर आणि ओलावा पाठवू. भावाची एकच अट आहे, आकडा मराठीत आणि मोठ्या अक्षरात हवा. ते आजच करून टाकलं.

वडनेरभैरव | २४ ऑगस्ट, सकाळी १०.३०

ड्रमने मोजलं, गेजवर दाब धरून. सकाळी नऊला आणि दुपारी साडेबाराला पाण्यात जवळपास दुपटीचा फरक आला. वडील शेजारी उभे होते, त्यांनी पुन्हा मोजायला लावलं, तेच आलं. मीटर किती इंची घ्यायचा? मेन लाइन अडीच इंची आहे.

अंबड_एमआयडीसी | २४ ऑगस्ट, सकाळी ११.००

लाइनच्या मापावर घेऊ नका, प्रवाहावर घ्या. सकाळचा कमीत कमी प्रवाह मीटरच्या किमान मर्यादेच्या वर हवा, नाहीतर तो सकाळचं पाणी मोजणारच नाही. तुमचे ड्रमचे दोन्ही आकडे इथे टाका, सांगतो. आणि मीटरच्या आधी पाइपाच्या दहापट व्यासाएवढी सरळ लांबी ठेवा, एल्बोला चिकटवून बसवू नका.